आत्याच्या बेऱ्या आणि खिळ्यावरची किल्ली

ब्लूबेरी धुऊन गोठवायची की न धुता, या प्रश्नावरून आमच्या टर्नर्स कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावात दोन सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. रविवारी चर्चमध्ये त्या एकाच बाकावर बसतात, पण मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. त्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. गावाच्या मते ती जागा प्रश्नाची आहे.

मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन गावी परतले, तेव्हा मला वाटलं होतं की आता या प्रश्नाचा निकाल लागेल. बेरीच्या सालीवर जी पांढुरकी भुकटी दिसते ती धूळ नव्हे, मेण आहे. झाडाने फळाला घातलेला तो रेनकोट आहे. धुतलं की तो जातो, फळ लवकर नासतं, आणि ओलं फळ गोठवलं की साल चिवट होऊन सगळ्याचं एक ढेकूळ बनतं. हे मी दोघी बहिणींना वेगवेगळं गाठून समजावलं. धुणारी म्हणाली की रेनकोट घातलेलं माणूससुद्धा घरात आल्यावर तो काढतं. न धुणारी म्हणाली की तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यासाठी कॉलेजला जायची गरज नव्हती. त्या दिवसापासून दोघीही माझ्याशी जरा कमी बोलतात.

पण ही गोष्ट त्यांची नाही. ही गोष्ट माझ्या आत्याच्या मानाची आहे.

आमच्याकडे फेब्रुवारीत बंबखान्याचं जेवण असतं. आग विझवायचे दोन्ही बंब बाहेर बर्फात उभे करतात, आत लांब टेबलं मांडतात, आणि सगळं गाव डुकराच्या चरबीत रात्रभर शिजलेला घेवडा, तपकिरी पाव आणि शेवटी ब्लूबेरीची पाई खातं. या पाईतल्या बेऱ्या आपल्याच माळावरच्या लागतात, ऑगस्टमध्ये काढून गोठवलेल्या. त्या पुरवण्याचा मान माझी आत्या आल्थिया हॅस्कल हिचा. मान तिला कुणी दिला नव्हता. तिच्या आधी जिच्याकडे होता तिने एका वर्षी पिशवीतून लगदा आणला, आणि पुढल्या वर्षीपासून गाव काही न बोलता आत्याकडे जाऊ लागलं. मान येतो कसा आणि जातो कसा, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

तो जातो एका कल्हई उडालेल्या घमेल्यामुळे. जेवणाच्या दिवशी सकाळी बंबखान्यात चार माणसांसमोर एक पिशवी त्या घमेल्यात ओततात. बेऱ्या गोट्यांसारख्या खडखडत पडल्या तर ठीक. धप्प असा एकच आवाज आला, तर सगळे छताकडे बघतात. त्याहून जास्त कुणी काही बोलत नाही, आणि तेच वाईट असतं.

त्या उन्हाळ्यात आत्याचा गुडघा बदलला. जिना चढायला बंदी, म्हणून ती धाकट्या आत्याकडे दक्षिणेला राहायला गेली आणि घर, माळाचा तुकडा आणि मान असं तिन्ही माझ्या स्वाधीन केलं. त्याच आठवड्यात तळघरातला तिचा जुना फ्रीजर बंद पडला. मी फोनवर सांगितलं तेव्हा आत्याने, एखादं माणूस गेल्यावर विचारावं तसं, कधी गेला ते विचारलं. मग म्हणाली, "टेस, नीट ऐक. बेऱ्या बिघडल्या तर मान लिओनाकडे जाईल. माझा दुसरा गुडघा बदलला तरी चालेल मला. ते चालणार नाही."

लिओना स्ट्राउट म्हणजे आमची शेजारीण. मी तिला काकू म्हणते. लिओनाकाकू दर वर्षी जेवणाच्या सकाळी स्वतःच्या दोन पिशव्या घेऊन बंबखान्यात हजर असते, "लागल्या तर असाव्यात" म्हणून. त्या बेऱ्या दुकानातल्या, बागायती, द्राक्षाएवढ्या मोठ्या. आत्या त्यांना फुगे म्हणते. काकूला हे माहीत आहे. ती आत्याच्या बेऱ्यांना मिरे म्हणते.

मी काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. आमच्या माळावर झुडपं घोट्याच्या वर जात नाहीत, आणि प्रत्येक ठिगळाचा रंग निराळा. कुठे आकाशी, कुठे जवळजवळ काळा. रंगावरून फसायला होतं. खरी खूण देठापाशी असते. तिथे लालसर कडं दिसलं तर फळ अजून तयार नाही, आणि ही बेरी एकदा खुडली की पुढे गोड होत नाही. घरी ठेवून पिकेल अशी आशा करणाऱ्याला फक्त म्हातारी आणि आंबट बेरी मिळते. मी वाकून एकेक ठिगळ तपासत होते, तेवढ्यात आमचा दुसरा शेजारी वेंडलकाका कुंपणाशी येऊन उभा राहिला. काका समुद्रात शेवंडी धरतो आणि उरलेल्या वेळात सल्ले देतो. त्याने विचारलं, की मी बेऱ्या काढतेय की त्यांची मुलाखत घेतेय. मग बेऱ्या खुडायची फणी, दात असलेल्या सुपासारखी, माझ्या हातातून घेऊन त्याने अर्ध्या तासात माझ्या दोन दिवसांचं काम केलं. त्यात लाल, हिरव्या, पानं, काड्या आणि एक बेडूक हे सगळं आलं. बेडूक सोडून बाकीचं पाखडायला मला उरलेला आठवडा लागला.

खायच्या बेऱ्या वेगळ्या काढल्या. त्या पसरट खोक्यात कागदावर, न धुता, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गेल्या. एक नासकी राहिली की शेजारणींना घेऊन जाते, म्हणून रोज चाळायच्या. हे मी सांगते आहे कारण या भागात माझं काहीही चुकलं नाही, आणि पुढे अशी वाक्यं लिहायची संधी फारशी येणार नाही.

गोठवायच्या बेऱ्या ताटांत एका थरात पसरून आधी सुट्ट्या गोठवायच्या आणि मग पिशव्यांत भरायच्या, हे ठरलेलं. पण त्यासाठी फ्रीजर हवा. शेजारच्या गावात एक पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा फ्रीजर विकायला होता. मी त्याची रुंदी मोजली, आमच्या दाराची रुंदी मोजली, दोन्ही मिलिमीटरपर्यंत. फ्रीजर दारातून अगदी सहज आत आला, व्हरांड्यात. व्हरांड्यातून तळघराकडे जायला आणखी एक दार आहे, त्यापुढे वळण आहे आणि मग जिना. ते मी मोजलं नव्हतं. वेंडलकाकाने सांगितलं, की आत्याचा जुना फ्रीजर जिना बांधायच्या आधी तळघरात गेला होता. म्हणजे तो बाहेर येऊ शकत नव्हता आणि हा आत जाऊ शकत नव्हता. लहानपणी मी गावातल्या माणसांना खोकी, पुडकी घेऊन आत्याच्या तळघरात उतरताना पाहिलं होतं. लोणच्याच्या बाटल्या वगैरे ठेवत असतील, असा माझा समज होता. तो जिना किती अरुंद आहे हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. लक्षात यायला हव्या अशा गोष्टी त्या जिन्यावर आणखीही होत्या, पण ते नंतर कळलं.

फ्रीजर व्हरांड्यातच राहिला. मी बाहेरच्या भिंतीतून वायर ओढली, गावभरची सपाट ताटं मागून आणली, आणि दोन आठवडे आळीपाळीने ताटं गोठवली. जिचं ताट तिला परत करताना रिकामं कसं द्यायचं, म्हणून प्रत्येक ताटाबरोबर थोड्या बेऱ्या गेल्या. अशा रीतीने माझ्या व्हरांड्यात फ्रीजर आहे ही बातमी घरोघर स्वतः पोचवण्याची मी व्यवस्था केली.

बातमी मर्टनपर्यंत पोचली. मर्टन ॲली आमच्या गावाचा बांधकाम निरीक्षक आहे. तोच कचरा डेपोचा प्रमुख आहे आणि तोच अग्निशमन दलाचा कप्तान. गाव लहान आणि माणसं कमी, त्यामुळे हे चालतं. प्रत्येक हुद्द्याची त्याच्याकडे वेगळी टोपी आहे, आणि कुठल्या टोपीत कुठलं बोलायचं याबद्दल तो फार काटेकोर आहे. निरीक्षकाची टोपी घालून तो व्हरांड्यात आला, वायर बघितली, झाकण उघडून बंद केलं आणि म्हणाला की वायरचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावं लागेल. ते मी केलं. मग तो पुन्हा आला आणि म्हणाला की घराबाहेर ठेवलेला फ्रीजर म्हणजे गावाच्या नियमाप्रमाणे टाकून दिलेला फ्रीजर. तो टाकलेला नाही असं डेपोकडून कळायला हवं.

शनिवारी मी डेपोवर गेले. मर्टनकाका तिथे दुसऱ्या टोपीत, कोकोचा थर्मास घेऊन बसला होता. मी विषय काढल्यावर त्याने हात वर केला.

"इथे मी फक्त कचऱ्याचा माणूस. फ्रीजर टाकायचा असेल तर बोल."

"टाकायचा नाहीये, काका. तेच तर सांगायला आलेय."

"मग तू इथे कशाला आलीस? जे टाकायचं नाही त्याचा डेपोशी काय संबंध?"

"हेच तुम्ही निरीक्षकांना सांगा ना."

त्याने थोडा विचार केला. "सांगतो," म्हणाला. "पण तो फार ऐकत नाही कुणाचं."

मंगळवारी तो गावाच्या कचेरीत निरीक्षक म्हणून बसतो. तिथे त्याने मला सांगितलं, की डेपोकडून तोंडी खुलासा आला आहे आणि तो समाधानकारक आहे. आता एकच गोष्ट राहिली. बाहेर ठेवलेल्या झाकणाच्या फ्रीजरला कुलूप हवं, कारण लहान मुलं खेळता खेळता आत शिरतात. हा नियम मला पटला. नियम चांगला होता. फक्त तो आमच्या गावात बसत नव्हता.

टर्नर्स कोव्हमध्ये कुलूप लावत नाहीत. घराला नाही, गाडीला नाही, बोटीला नाही. गाडीची किल्ली गाडीतच असते, म्हणजे कुणाला ती मधून हलवायची झाली तर हलवता येते. दुकानात कुलूप मागितलं तेव्हा दुकानदाराने काउंटरवरून वाकून विचारलं, की आमच्याकडे कुणी पाहुणा आलाय का. मी कारण सांगितलं. त्याने मान हलवली, पण कुलूप कागदात गुंडाळून दिलं, लोकांना दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी वेंडलकाकाची गाडी समोरून गेली. आमच्याकडे ओळखीचं माणूस दिसलं की गाडी चालवणारा स्टिअरिंगच्या चाकावरून एक बोट उचलतो. हात नाही, एकच बोट, पण ते उचलावंच लागतं. वेंडलकाकाचं बोट उचललं गेलं नाही. मला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. मग पोस्टमनचं बोट उचललं गेलं नाही. मग शाळेच्या बसचं. त्या शाळेत मी नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. संध्याकाळपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बोटं मोजणारी बाई झाले होते, आणि मला ते स्वतःला आवडत नव्हतं.

शेवटी लिओनाकाकूनेच सांगितलं. ती कुंपणापाशी आली, तिचा बोका ॲडमिरल खांद्यावर टाकून. ॲडमिरल पिवळ्या रंगाचा, एक कान फाटलेला आणि लांबीने असाधारण असा प्राणी होता. ती म्हणाली, "अगं, आल्थियाच्या घराला कुलूप. लोकांना वाटतं आपल्यावर संशय घेतला."

"काकू, नियमच आहे तसा. मर्टनकाकाने सांगितलं."

"नियमाचं मी नाही बोलत. कुलूप लाव की. पण किल्ली खिशात घालून फिरतेस, ते बरं दिसत नाही."

मी घरात जाऊन यावर विचार केला. नियम म्हणत होता की कुलूप हवं. गाव म्हणत होतं की बंदी नको. दोन्ही अटी पाळणारं एकच उत्तर होतं आणि ते मला फार नेटकं वाटलं. मी फ्रीजरशेजारच्या खांबावर, मोठ्या माणसाच्या हाताला लागेल आणि लहान मुलाच्या लागणार नाही अशा उंचीवर, एक खिळा ठोकला आणि किल्ली त्याला अडकवली. मर्टन निरीक्षकाच्या टोपीत येऊन कुलूप ओढून बघून गेला. किल्लीकडे त्याने पाहिलं, पण नियमात किल्लीबद्दल काही नाही असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी वेंडलकाकाचं बोट उचललं गेलं. मला इतकं बरं वाटलं, की मीही बोट उचललं, तेही चालत असताना.

आणि मग फ्रीजर भरू लागला.

पहिल्यांदा मी तो उघडला तेव्हा माझ्या पिशव्यांवर हेरिंग माशांची दोन पुडकी होती. वेंडलकाकाचं आमिष, शेवंडींसाठी. मी विचारलं, तर तो सहज म्हणाला की त्याच्याकडचा फ्रीजर भरलाय. त्याने परवानगी मागितली नाही, आभार मानले नाहीत. मीठ मागायला आलेल्या माणसासारखाही त्याचा चेहरा नव्हता. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम आला आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस येऊ लागलं. त्यावर ज्याची त्याची नावंही नव्हती, कारण ज्याचं त्याला माहीत. कुणाच्या तरी लग्नातल्या केकचा वरचा मजला आला. तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खायचा असतो. माझ्या पिशव्या दिसेनाशा झाल्या. दर वेळी झाकण उघडताना मी वरचं सामान कडेला सारून खाली हात घालायची, बेऱ्या सुट्ट्या आहेत ना हे कापडाआडून चाचपावं तसं चाचपायची, आणि सामान परत रचायची. आत्याला फोनवर मी हे सांगितलं, थोडं तक्रारीच्या सुरात. ती म्हणाली, "मग काय, फ्रीजर आहे तो." मला वाटलं औषधांमुळे तिचं नीट लक्ष नाही.

डिसेंबरात ॲडमिरल गेला. वयाने गेला, झोपेत. लिओनाकाकूने काळा स्वेटर घातला, आम्ही सगळे तिच्याकडे काहीतरी शिजवून घेऊन गेलो. जमीन तोपर्यंत दगडासारखी गोठली होती. आमच्याकडे डिसेंबरात कुदळ चालत नाही, आपटून परत येते. मी शास्त्राची विद्यार्थिनी, प्रश्न विचारायला शिकवलेली. पण ॲडमिरलला पुरलं कुठे, हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

जानेवारीत एक उबदार आठवडा येतो. बर्फ वितळतं, मग पाऊस पडतो, तो झाडांवर गोठतो, फांद्या तारांवर पडतात. वीज गेली आणि परत येईना. व्हरांड्यात पाणी ठिबकत होतं. आता इथे माझ्या शिक्षणाची कसोटी होती. भरलेला फ्रीजर झाकण न उघडता दोन दिवस थंडी धरून ठेवतो, अर्धा रिकामा त्याच्या निम्मा वेळ. आत जितकं गोठलेलं सामान जास्त, तितकं तापायला जास्त काळ. म्हणजे वेंडलकाकाचे मासे आणि अख्ख्या गावाची हरणं माझ्या बेऱ्यांची राखण करत होती. पण झाकण उघडायला नको. मी कुलूप लावलं, आणि खिळा ठोकल्यापासून प्रथमच किल्ली खिशात घातली. वेंडलकाका मासे न्यायला आला आणि रिकामा खिळा बघून उभा राहिला. मी त्याला उष्णतेचं गणित समजावलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे नको उघडू." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग तेवढंच सांगायचं."

वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. थंडीही परत आली. मी एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी तपासायला फ्रीजर रिकामा करायला घेतला. मासे गोठलेले, हरण गोठलेलं, केक ठीक. त्याखाली, माझ्या बेऱ्यांच्या बरोबर वर, चिकटपट्टीने बंद केलेलं एक लांबट बुटांचं खोकं होतं. हिवाळी बुटांचं. मला वाटलं, कुणाचे तरी मासे. पट्टी एका बाजूने सुटली होती, म्हणून नीट लावावी म्हटलं, आणि फटीतून मला एक फाटलेला कान दिसला.

मी खोकं बंद केलं. पट्टी परत दाबून बसवली. मग सवयीने निरीक्षण केलं. खोकं बंद, आत जाड प्लास्टिक, त्याच्या आत ॲडमिरल. माझ्या पिशव्या दुहेरी, तोंडं घट्ट, बेऱ्या गोट्यांसारख्या सुट्ट्या. कुठूनही कुठेही काही जाण्याचा मार्ग नव्हता. शास्त्राप्रमाणे पाईला अजिबात धोका नव्हता. पण शास्त्र आणि पाई खाणारी माणसं हे दोन निराळे विषय आहेत, आणि माझी पदवी एकाचीच होती.

मग मला दुसरी गोष्ट सुचली आणि ती जास्त वाईट होती. खोकं ठेवणाऱ्या बाईला बरोबर माहीत होतं ते कशावर ठेवतेय. बेऱ्यांचा मान हवा असलेलं गावात एकच माणूस होतं, आणि त्याचाच बोका माझ्या बेऱ्यांवर झोपला होता. बंबखान्यात, सगळ्यांसमोर, पाई वाढून झाल्यावर लिओनाकाकू उभी राहून एक वाक्य बोलली, की संपलं. आत्याचा मान, माझं शाळेतलं नाव, सगळं. किल्ली खिशात नको असं सुचवणारी तीच होती.

खोकं बाहेर ठेवावं तर पुढच्या उबदार दिवशी वितळेल. परत द्यावं तर काकूच्या दुःखात ते कसं द्यायचं? मी ॲडमिरलला परत जागेवर ठेवलं. आत्याला काही सांगितलं नाही. मासे, हरणं आणि केक त्यावर रचले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. खिळा रिकामा ठेवला असता तर बोटं पुन्हा बंद झाली असती.

जेवणाच्या सकाळी आत्या आली, नवा गुडघा घेऊन. मर्टन कप्तानाच्या टोपीत घमेल्यापाशी उभा होता. लिओनाकाकू आपल्या दोन पिशव्या घेऊन हजर होती. मी पिशव्या मांडल्या, मर्टनने मधलीच एक उचलली, तोंड सोडलं आणि उपडी केली. बेऱ्या घमेल्यात अशा खडखडत पडल्या की दोन उडून बंबाच्या जागेवरच्या तेलाच्या डागापर्यंत घरंगळत गेल्या. कुणी छताकडे बघितलं नाही. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यासाठी मी ऑगस्टपासून जगत होते, आणि मला त्याचा आनंद घेता आला नाही. कारण काकू आपल्या पिशव्या बाजूला ठेवून नुसती हसत होती.

संध्याकाळी गाव जेवलं. घेवडा झाला, पाव झाला, मग पाई आली. माझ्या समोर वेंडलकाका बसला होता. पहिल्या घासानंतर तो म्हणाला की बेऱ्या चांगल्या आहेत, आल्थियाच्या असतात तशा. शेजारी आत्या होती. तिने ऐकलं आणि पाठ सरळ केली.

तेव्हा लिओनाकाकू उभी राहिली. चमच्याने पेला वाजवला. मी आत्याचा हात धरला. तिला वाटलं मला उचकी लागली, म्हणून तिने माझ्याकडे पाणी सरकवलं.

"दोनच शब्द बोलते," काकू म्हणाली. "माझा ॲडमिरल डिसेंबरात गेला, तुम्हाला माहीत आहे. जमीन गोठलेली. मला फार काळजी होती त्याला ठेवू कुठे. टेसने काही न विचारता जागा दिली. ज्या बेऱ्या आपण खातोय ना, त्यांच्या वरच ठेवला होता त्याला, फ्रीजरमध्येच आहे तो, अजून. तिचे आभार मानायचे राहिले होते."

मी टेबलाकडे बघत होते. लाकडात एक जुनी भेग होती, तिच्यात पावाचा चुरा अडकला होता. मी वाट बघत होते की चमचे खाली ठेवल्याचा आवाज कधी येतो.

आवाज आला तो पाईचा. काट्याने पाईचं कवच मोडल्याचा. मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, चांगला बोका होता. कुणीतरी क्रीम इकडे सरकवा म्हणालं. वेंडलकाकाने दुसरा तुकडा घेतला.

मी आत्याकडे झुकले. "आत्या, तू ऐकलंस ती काय म्हणाली?"

"ऐकलं की."

"मांजर. बेऱ्यांबरोबर. फ्रीजरमध्ये."

"मग कुठे ठेवणार, टेस? जमीन मेपर्यंत उघडत नाही." तिने पाईचा घास घेतला, नीट चावला. "गेल्या वर्षी माझ्याकडे मर्टनचा कुत्रा होता. त्याच्या आधी पाद्रीबाईंचा पोपट, आणि त्या बहिणींचे दोन ससे, एकीचा एक. बेऱ्यांचा फ्रीजर गावात सगळ्यात मोठा. म्हणून तर मान आपल्याकडे आहे. मला वाटलं तुला माहीत आहे."

मी लहानपणापासून या जेवणाला येतेय. मी मनात मागे जायला लागले, एकेक वर्ष, एकेक पाई, आणि त्या त्या हिवाळ्यात गावात कोण गेलं होतं ते. मग थांबले. दुहेरी पिशव्या, घट्ट तोंडं. शास्त्राप्रमाणे काहीच धोका नव्हता. मी समोरची पाई खाल्ली. चांगली होती.

"एकच चुकलं तुझं," आत्या म्हणाली. ती इतक्या हळू बोलली, की मानाची गोष्ट आमच्यातच राहावी. "मांजर बेऱ्यांच्या वर ठेवू दिलंस. फेब्रुवारीत आधी काय काढायचं असतं?"

"बेऱ्या."

"आणि मेमध्ये?"

"मांजर."

"मग खाली काय ठेवायचं?" तिने माझ्या हातावर थोपटलं. "जाऊ दे. पहिलंच वर्ष तुझं."

मेमध्ये जमीन सुटली. काकूच्या कुंपणापाशी मी खड्डा खणला, काकूने ॲडमिरलला ठेवलं, वेंडलकाकाने किती खोल हवा यावर सल्ला दिला. त्या दुपारी मी फ्रीजर धुतला, वाळवला, आणि यंदाची रचना कागदावर आखून झाकणाच्या आतून चिकटवली. खाली काय, वर काय, मध्ये मासे.

आता ऑगस्ट आलाय. माळावर देठापाशी अजून लालसर आहे, आठवडाभर थांबायला हवं. वेंडलकाकाचा कुत्रा म्हातारा झालाय, हल्ली जिना चढताना अर्ध्यावर बसतो. परवा काका कुंपणाशी येऊन इकडचं तिकडचं बोलला, माझ्या फणी धरण्याला नावं ठेवली, आणि जाता जाता सहज विचारून गेला, की खालची जागा यंदा कुणी सांगून तर ठेवली नाही ना.